बोनटवरचा हात

वैभव, फोन उचल.

कालपासून लावून राह्यली. 'मीटिंगमंदी आहे' असा आयता मेसेज येते. मले त्या मेसेजशी बोलाचं नाही, तुयाशी बोलाचं आहे.

म्हनून इथं ग्रुपवर लिहून राह्यली, साऱ्यायसमोर. चौथी शिकेल बाई आहो मी. चुका असतीन. ज्याले हसाचं त्यानं हसा.

तारखेनं आज तुया बाबाले जाऊन वरीस झालं.

सकायी तू बी फोटो टाकला. नव्या गाडीजवळ उभे असलेले बाबा. तो फोटो जरा मोठा करून पाय. बोनटवर काय दिसते?

त्याले तू डाग म्हनतं.

परवा आला, अंगनातून गाडी काढली, गाड्या चमकवाच्या वाशीमच्या त्या काचेच्या दुकानात देल्ली अन् तिथूनच पुन्याची बस धरली. मले फोन बसमधून. "आई, तो कुंकवाचा डाग मशीननं काढून नवीन कोटिंग मारून देतात. मग गाडी इकडे आणतो." अन् कट.

डाग नोय तो.

ज्यायले ठाऊक नाही त्यायच्यासाठी सांगतो. वैभवच्या बाबायनं सारी उमर रिसोड-वाशीम दुसऱ्याची जीप चालवली. स्वतःची कोरी गाडी पन्नाशी उलटल्यावर आली. पांढरी.

अन् मंग कोटिंगसाठी, रंगावर मारतात त्या चमकीच्या थरासाठी, दीड महिना डोक्शं खाल्लं.

टेफ्लॉन म्हने. सिरॅमिक म्हने. पारदर्शक पन्नी म्हने.

मी म्हनलं, "गाडीले कोटिंग पाहून राह्यले का पोरीले स्थळ?"

"स्थळ पाहाले सोपं असते," म्हने. "मानूस बोलते तरी. रंग बोलत नाही."

दुकान पाहाची त्यायची एकच रीत. कोपऱ्यात उभं राहाचं, काही इचाराचं नाही. पुसनाऱ्याच्या हातातलं फडकं कधी पडते त्याची वाट पाहाची. पडेल फडकं उचलून परत गाडीले लावलं, का हे बाहेर.

"एक खडा चिपकला का ते फडकं नाही राहत, कानस होते," म्हने.

अकोल्याचं एसीवालं दुकान असंच गेलं. चहा बी पेले नाही तिथं.

शेवटी पसंत पडला आपल्या रिसोडचा इरफानभाई. टिनाचं शेड. त्याच्या हातून फडकं पडलं, त्यानं ते पायानं बाजूले सारलं अन् दुसरं घेतलं. झालं, ठरलं.

पन कोटिंगच्या आधी पूजा. ते मी सोडनार नोती.

"कुंकू पान्यात कालव," म्हने, "पुसता येते."

मी तेलात कालवलं. पान्याचं वघळते, शोभत नाही. त्यायचा हात धरला, ताटात बुडवला अन् बोनटवर दाबला. चांगला जोर लावून.

"अवं, डाग पडन!"

"पडू द्या."

पडला. दुसऱ्या दिवशी धुतलं त तेल निघून गेलं, हात तसाच. साडेचार बोटं. करंगळी अर्धी त्यायची, जीपचा जॅक सटकला होता तवाची.

दोन दिवस बोलले नाही माह्यासंग.

मंग गाडी इरफानभाईकडून आली. आरशासारखी. अन् त्या चमकीच्या खाली हात.

मी म्हनलं, "काहून नाही काढला?"

"घासलं का रंगाची वरची साय पातळ होते. तुयासाठी गाडी खराब करू का?"

मले खरं वाटलं.

मंग ते धनज गावचं लग्न. जेवता जेवता छातीत कळ आली. गाडी मांडवाच्या बाहेर, कव्हर घालून. किल्ली त्यायच्याच खिशात, चालवनारे बी तेच. कोनाच्या तरी जीपनं कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. डोक्शं माह्या मांडीवर.

सारी उमर दुसऱ्याच्या जीपमंदी. गेले बी दुसऱ्याच्याच जीपमंदी.

तेरवीले इरफानभाई आला होता. ताटावरून उठताना म्हने, "भाभी, एक बात बताऊ? तो हात पाच मिनिटात निघाला असता. मशीन चालूच केली होती मी. भाईनं बटन बंद केलं. म्हने, तिनं लय जोर लावला आहे, राहू दे. त्याच्यावरून मार कोटिंग. जाले नाही पायजे."

त्या दिवसापासून रोज सकायी मी कव्हर उचलतो अन् पाहतो. बस, पाहतो. दुसरं काही करत नाही.

तुले सांगितलं नाही, ते माहं चुकलं. बापाचा हात पोराले सांगा लागते का, असं वाटलं.

काल एसटीनं वाशीमले गेली. गाडी आतमंदी, बोनटवर प्लास्टिक. आत जाऊ देल्लं नाही. "सरांचं काम आहे काकू, सरांशी बोला."

मी म्हनलं, "तुया सराले जनलं कोनं?" हासले सारे.

मी काचेतून पाहत उभी राह्यली. आपल्याच गाडीचं दार पुसून राह्यले होते. फडकं खाली पडलं. त्या मानसानं उचललं, झटकलं, अन् तेच लावलं.

तुये बाबा असते त तिथंच किल्ली मागली असती. मले कोन देनार किल्ली?

अहो वैभवचे बाबा, तुमाले काय सांगू. वरीसभर सांभायला. एक दिवस नजर हटली.

वैभव, तिथीनं वर्षश्राद्ध रविवारी आहे. पान वाढून मी त्यायच्या फोटोसमोर बसीन. तवा मले ठाऊक असलं पायजे.

एकच सांग. मशीन लागली का नाही?

नसन लागली त त्यायले फोन करून थांबव. इरफानभाईले घेऊन मी गाडी आनतो.

लागली असन त तसं सांग. मी रडनार नाही. बाबायले सांगा लागन मले, दुसऱ्या कोनी सांगन्याच्या आधी.

शनिवारी दिवेलागनीपर्यंत.

मीटिंग असली तरी.