तोरणावरच्या हलक्या चिमण्या

वडील गेल्यावर आईला मी गावाहून ऐरोलीच्या फ्लॅटवर आणलं. बायको आणि मी सकाळी कामाला जायचो ते संध्याकाळी दमून परतायचो. दिवसभर आईशी बोलायला कुणी नव्हतं. दसऱ्याला तिनं गावच्या रीतीप्रमाणे चिमण्यांना दाणे टिपायला भाताच्या लोंब्यांचं तोरण केलं. जिन्यातल्या दाराशी चिमण्या कुठून येणार? म्हणून मी ते गॅलरीत, कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या बाहेर टांगलं. पाखरांना मोकळं बरं, असं वाटलं.

चिमण्या आल्या. आईला सोबत झाली. मग समोरच्या इमारतीवर एक शिक्रा, लहान पाखरं मारणारा शिकारी पक्षी, येऊन बसू लागला.

आई म्हणाली, "खातात कुठं रे? दाना टिपला की पळतात. रोड झाल्यात बघ. आजारी हायत काय?"

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही प्राणिशास्त्राचा. माझ्या फीसाठी आई लोकांच्या शेतांवर लावणीला जायची. नोकरीत मात्र दिवसभर संगणकावर बिलं तपासतो. त्या शिक्षणाबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

"आजारी नाहीत, आये. शिक्रा आसपास असला की लहान पाखरं बेतानं खातात, अंगावर चरबी चढू देत नाहीत. जड झालं की चटकन उडता येत नाही."

"म्हंजे जेवली तर शिक्रा खानार, नाय जेवली तर उपाशी मरनार?"

"तसंच काहीसं."

"आनि एवढं शिकून तू तोरन उघड्यावर टांगलंस!"

मला हसू आलं. रविवारी अंग दुखत असतानाही स्टुलावर चढून तोरण जाळीच्या आत घेतलं. जाळीच्या भोकातून चिमणी शिरते, शिक्रा शिरत नाही. तरी चिमण्या बाहेरच बसून राहिल्या. आत तोरणाशेजारी खुर्चीवर आई होती.

मी चाचरत म्हणालो, "त्या तुलाही भितात."

"मी काय शिक्रा हाय?"

पण ती उठली, खुर्ची स्वयंपाकघरात नेली. मी काचेचं दार ओढून पडदा लावला. थोड्या वेळानं चिवचिवाट सुरू झाला.

"खातात का?"

मी फटीतून पाहिलं. "खातायत. निवांत."

"बरं झालं." ती तांदूळ निवडत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "उद्या तू कामाला गेलास की मला सोबत कुनाची?"