बाकी दोघांचे भाव

स्वस्त वस्तूवर माझ्या बायकोच्या मामांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या बहारीनमध्ये दुसरा सापडायचा नाही. त्यांची हयात एका हॉटेलच्या खरेदी खात्यात गेली. तीन कोटेशनं मागवायची आणि सर्वांत कमी भाव उचलायचा, हा तिथला नियम निवृत्त होताना त्यांनी घरी आणला. सुरमईला तीन दुकानं, केसांना तीन न्हावी. एकदा दाढ दुखायला लागली, तर तीन दंतवैद्यांचे भाव येईपर्यंत दाढच पडली. "बघा जावईबापू, फुकटात काम झालं," म्हणाले आणि आठवडाभर पेज पीत बसले.

माझा धंदा रुग्णांच्या घरी ऑक्सिजनची मशीनं पुरवण्याचा. शून्यातून उभा केलाय, आणि भाव करण्यात मी कोणाला हार गेलेलो नाही. पण गेल्या सरकारी टेंडरात आपटलो. माझा माणूस घरोघरी जाऊन फिल्टर धुणार, हे मी भावात धरलं होतं. टेंडरात त्याला रकानाच नव्हता. दुसरा स्वस्त निघाला, कारण त्याचा ड्रायव्हर मशीन दारात ठेवून "खलास" म्हणतो. आठवलं की अजून डोकं तापतं. मामा मात्र खूश. "कमी भाव तो नवरदेव, बाकीचे वऱ्हाडी. जेवा आणि घरी जा."

पुढे मामांचीच फुप्फुसं थकली. त्यांची मुलगी सरकारी इस्पितळात नर्स, तिच्यामार्फत त्यांच्या उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटवर मशीन आलं. अर्थात त्या नवरदेवाचंच. धुळीचे वारे सुटले आणि मशीन घोगरं झालं. कंपनीला फोन केला की "इंशाल्ला, उद्या." मुलीनं मला बोलावलं. मी टोमणे घोकतच गेलो. मामा एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "मशीन... उत्तम आहे. फक्त हवा... कमी देतं."

फिल्टरवर धुळीची गोधडी जमली होती. मी खिशातला नवा बसवला, जुना नळाखाली धुतला. टोमणे राहूनच गेले. ओठांवर रंग आल्याबरोबर मामांनी विचारलं, "याचा भाव?"

"काही नाही."

"असं कसं? तीन कोटेशनं लागतील."

"मामा, गुमान श्वास घ्या," मी खेकसलो.

तेव्हापासून दर शुक्रवारी जातो. "बाकी दोघांचे भाव अजून आले नाहीत, तोवर तुमच्यावर भागवतो," असं ते दर वेळी बजावतात. गेल्या शुक्रवारी मला उशीर झाला. पाहतो तर नाकातली नळी पुरेल तितकी ताणून मामा दाराजवळ खुर्ची टाकून बसलेले.

"बाकी दोघांची वाट बघत होतो," ते म्हणाले.

मी चपला काढल्या आणि फिल्टर घेऊन नळाकडे गेलो.