डब्यावरचं नाव

वहिनी, माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे तुम्हाला पाठवीन की वहीतच राहील, ठाऊक नाही.

मी ओमानला निघाले तेव्हा तुम्ही फाट्यापर्यंत आलात. व्हिसा-तिकिटाचे पैसे दादांनीच भरले होते. एस.टी. आली तशी तुम्ही माझ्या पिशवीत कोकमं कोंबलीत आणि म्हणालात, "घाबरू नको गो, हे आहेत तिथे. तू फक्त यांच्या जेवणाकडे बघ." तेवढंच एक काम मला सांगितलं होतंत.

इथे दार्सैतला मी आपल्याकडच्या मुलांच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. शुक्रवारी सकाळी त्यांची क्रिकेटची मॅच असते. मैदानावर गवत नाही, नुसती खडी. मी अकरा डबे भरते आणि झाकणावर चिकटपट्टी लावून एकेकाचं नाव लिहिते. ज्याच्या नावाचा डबा, तो त्या दिवशी खेळणार. दादा चौदा वर्षं बाउंड्रीवर उभे राहिले.

मागच्या थंडीत त्यांच्या हातून कॅच सुटायला लागले. एका गुरुवारी नितीन स्वयंपाकघरात आला. कॅप्टन तोच आणि मेसही त्याचीच. "ताई, उद्या दादांच्या जागी केशवकाका. त्यांच्या कंपनीची टीम बंद पडली, रिकामेच आहेत. डब्यावर नाव बदला. दादांना मी सांगतो."

केशवकाका दादांपेक्षा सहा वर्षांनी मोठे.

रात्री दादा जेवायला बसले तेव्हा कळलं, नितीनने काही सांगितलेलं नाही. "उद्या भाजी कुठली गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वांगं." आणि वाढत राहिले. माझी नोकरी नितीनच्या हातात होती. दुसरं कारण नाही.

सकाळी दादा बूट घालून मैदानावर आले. डबे दोनदा चाळले. "माझा कुठे गो?" मग त्यांना केशवकाकांचं नाव दिसलं, माझ्या अक्षरातलं. ते नितीनकडे बघून हसले. "म्हाताऱ्याला काढून थेरडा आणलास होय? बरं, यल्ला, खेळा." बूट काढून ते पाण्याच्या कॅनजवळ बसले.

केशवकाकांनी पळत जाऊन एक अवघड कॅच घेतला. मी टाळी वाजवली, वहिनी. दादांच्या शेजारी उभी राहून.

तेव्हापासून मी बारावा डबा भरते, स्वतःच्या पगारातून. दादा येतात, स्कोअर लिहितात. "भूक नाही," म्हणतात. डबा तसाच परत येतो.

पूर्वी घर म्हटलं की मला माझी चूल आठवायची. आता तुमचं दार दिसतं, आणि दारात तुम्ही. विचारताय, यांच्या जेवणाकडे बघितलंस ना?

दर महिन्याला पाच रियाल करत मी व्हिसा-तिकिटाचे पैसे फेडत होते. या शुक्रवारी शेवटचे पाच दिले. दादांनी न मोजता खिशात घातले. "खलास. झालं सगळं," म्हणाले आणि स्कोअरची वही उघडली. डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता, बंद.

पैसे सगळे फिटले, वहिनी.