इगतपुरी मागे गेली

मी आज जो काही आहे तो टपालकाकांमुळे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या टपालडब्यात उभं राहून, गावोगावची पत्रं ज्या त्या गावाच्या खणात टाकली. त्यामुळे त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. मी 'इगतपुरी' आणि त्यांची सून 'पिंपळगाव'. "पिंपळगाव, इगतपुरीला चहा दे," असं ते म्हणाले की नवा पाहुणा बावचळून जाई. वहिनी म्हणायच्या, "लग्नात नवऱ्याने नाव नाही बदललं माझं, भाऊजी. सासऱ्यांनी बदललं."

माझे वडील इगतपुरीला रुळांवर काम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. टपालडबा स्टेशनात थांबला की वडील काकांना पाणी भरून देत, एवढीच दोघांची ओळख. तेवढ्यावर काकांनी निवृत्तीनंतर नाशिकला इंदिरानगरच्या घरातली पुढची खोली मला कॉलेजसाठी दिली.

मला न्यायला ते नाशिकरोड स्टेशनावर आले होते. मला वाटलं, रिक्षा करतील. त्यांनी माझी ट्रंक ओळखीच्या हमालाकडे ठेवली आणि म्हणाले, "तू पुढे हो. मी मागून येतो." मी शहर पाहिलेलंही नव्हतं. तीनदा चुकलो. कोणाला तरी विचारू का म्हटलं, तर म्हणाले, "विचारलास की रस्ता त्या माणसाचा झाला. चुकलास तर तुझा होईल." घरी पोचायला दुपार टळली. वहिनी चिडल्या, "मामंजी, उन्हात मारताय का पोराला?" काका शांतपणे म्हणाले, "इगतपुरीचा आहे. पाऊस पुष्कळ झाला, थोडं ऊन खाऊ दे."

त्यांच्या खोलीत एका जहाज कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. वर्षं उलटली तरी एक पान त्यांनी भिंतीवरून काढलं नाही. त्यावर जेनोआ बंदराचं चित्र होतं. लांब दीपगृह, आणि अलीकडे घरांच्या फटीतून वर गेलेल्या दगडी पायऱ्या. मी अभ्यास करत असलो की ते त्या पायऱ्यांवरून बोट चढवत नेत. पान संपे तिथे थांबत. "इथून पुढे काय असेल रे?" एकदा मी म्हटलं, "देऊळबिऊळ असेल." तर म्हणाले, "माहीत नाही म्हण. टपालात आणि बोलण्यात अंदाज चालत नाही."

मी पदवीधर झालो, हॉटेलचं काम शिकलो आणि काही वर्षांनी प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. जहाजावर चढायचं होतं जेनोआला. मी पेढे घेऊन धावत गेलो, तेव्हा काकांना विसर पडायला लागून वर्ष झालं होतं.

ते घरातून निघून जात आणि परत यायची वाट विसरत. कोणाला विचारत तर नसतच. वहिनींनी घरचा पत्ता लिहून चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवली. चिठ्ठी ठेवली त्या दिवशीही काका परत आले नाहीत. संध्याकाळी पाथर्डी फाट्याजवळ बसलेले सापडले, खिसा रिकामा. दुसऱ्या दिवशी पोस्टमन ती चिठ्ठी घेऊन दारात उभा. खिशात हात गेला, पत्ता लिहिलेला कागद दिसला, समोर लाल पेटी होती. काकांनी तो पेटीत टाकला होता. वहिनींनी पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या ठेवल्या. पत्ता घरी यायचा, काका यायचे नाहीत. "आता हसू की रडू, तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाल्या.

निघताना मी पाया पडलो. काकांनी मला उलटसुलट पत्र बघावं तसं पाहिलं. "हे कुठलं?"

"इगतपुरी, मामंजी," वहिनी म्हणाल्या.

"इगतपुरी मागे गेली," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.

जेनोआहून मी लिहिलेलं पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप काकांस, साष्टांग नमस्कार.

जहाज संध्याकाळी सुटणार आहे. बॅग बंदरावर ठेवून सकाळपासून चालतो आहे. बंदरालगत कमानी आहेत, तिथे मासे तळतात. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या एका चर्चसमोर तीनदा येऊन पोचलो. कोणालाही विचारलं नाही.

पायऱ्या सापडल्या. पान संपतं तिथून पुढे एकोणीस पायऱ्या आहेत. वर लोखंडी फाटक आहे, त्याला कुलूप आहे, आणि कोणाचे तरी कपडे वाळत आहेत. पुढे काही नाही, काका. देऊळ असतं तर बरं झालं असतं, पण नाही. वाटलं होतं, तुम्हाला काहीतरी चांगलं कळवता येईल.

एक मागणं आहे. तुम्ही चुकलात तर विचारा. रस्ता दुसऱ्याचा झाला तरी चालेल.

वहिनी हे वाचून दाखवतील. मग पाकीट तुमच्या हातात देतील. त्यावर पत्ता दिसेल. ते पेटीत टाकू नका. ते कुठेही जायचं नाही, पोचलेलं आहे.

तुमचा,
इगतपुरी