लेखी द्या

माझा धाकटा काका पायदळात लेफ्टनंट होता. एकदा सरावात फोनवरच्या हुकमावरून त्याने पूल सोडला. नंतर साहेबांनी कानांवर हात ठेवले आणि खापर काकाच्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून तो ताकही फुंकून प्यायला लागला. कोणी काही सांगितलं की म्हणायचा, "लेखी द्या."

लढाईत त्याच्याकडे एक टेकडी आणि तीस जवान होते. तिसऱ्या दिवशी त्याच साहेबांचा फोन आला, "मागे या."

"लेखी पाठवा, साहेब."

साहेबही नमुनेदार. त्यांनी खरंच हुकूम टाइप करायला दिला. तो सहीला जाईपर्यंत टेकडीला वेढा पडला, अकरा जवान मारले गेले आणि काका पकडला गेला. शत्रूच्या कॅप्टनने त्याचं पिस्तूल आणि घड्याळ काढून घेतलं आणि न मागता पावती फाडून दिली. मागण्याआधी लेखी देणारं एवढं एकच ऑफिस काकाला जन्मात भेटलं.

चौदा महिन्यांनी तो सुटून आला, तेव्हा दारात आजीनेही त्याला ओळखलं नाही. आपल्या ऑफिसने मात्र ओळखलं. आठवड्यात लिफाफा आला. आत टेकडी सोडण्याचा सही-शिक्क्याचा हुकूम होता आणि तो वेळेत का पाळला नाही, याचा खुलासा मागणारं पत्र.

काकाने त्याखाली लिहिलं, "हुकूम आज मिळाला. मी मागे आलेलोच आहे. माझे अकरा जवान अजून टेकडीवरच आहेत. त्यांनाही लेखी कळवावं."