दोन प्याले

आमच्या घरी महिन्यातून एकदा काळ्या मनुका उकळायच्या. पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत प्रत्येकाला भाकरीचा तुकडा आणि रसाचा एक घोट, आणि तो रस करायचं काम माझ्या आईकडं होतं. मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या, शनिवारी दुपारी चुलीवर चढवायच्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दोघींनी दोन टोकांना धरून पिळायच्या. दुसरं टोक माझ्याकडं असायचं. कोल्हारच्या अलीकडं, नदीकाठच्या आमच्या गावात त्या वासावरूनच कळायचं की उद्या प्रभुभोजन आहे. आई चव म्हणून कधी बघायची नाही. "प्रभूच्या आधी आपुन चाखायचं न्हाई," म्हणायची, आणि नुसत्या वासावर रस झाला की नाही ते सांगायची.

रस एकाच पातेल्यात व्हायचा, पण चर्चमध्ये तो दोन प्याल्यांत ओतला जायचा. एक उंच दांड्याचा, चांदीचा मुलामा दिलेला. दुसरा साधा स्टीलचा. पहिला आमच्या आळीत फिरायचा, दुसरा ओढ्यापलीकडच्या आळीत. गावानं आम्हा दोन्ही आळ्यांना वेशीबाहेरच ठेवलं होतं, आणि पणजोबांच्या काळात दोन्ही आळ्या ख्रिस्ती झाल्या होत्या. पण आधीच्या जाती दोन होत्या, आणि त्या बाप्तिस्म्याच्या पाण्यात काही विरघळल्या नाहीत. लहानपणी मी आईला विचारलं होतं, दोन प्याले कशाला? ती म्हणाली, "माणसं लई असत्यात, एक पुरत न्हाई." पुढं पोरं शिकून पुण्याला, नगरला गेली, बाकं रिकामी पडली, तरी प्याले दोनच राहिले. आधी आमची आळी घ्यायची, ती संपली की ओढ्यापलीकडची उठायची. हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आई घरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी तिला नगरला, सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, घरीच राहू द्या. आईला ते न सांगताच कळलं. तिनं एकच गोष्ट मागितली. "मला एकदा प्रभुभोजन पायजे. मग नेऊ दे त्याला खुशाल."

आजारी माणसाला घरी येऊन प्रभुभोजन देणं हे पाळकाचं कामच आहे. एका फोनचं काम, असं मला वाटलं. पण एव्हाना आमच्या मंडळीत दोन पार्ट्या झाल्या होत्या. चर्चच्या रस्त्याकडच्या जागेत दुकानांचे गाळे काढायचे की नाहीत, आणि काढले तर कुणी काढायचे, यावरून कोर्टात केस चालू होती. चर्चची किल्ली एका पार्टीकडं. दुसरी पार्टी त्याच आवारात लिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये उपासना करायची. दोघांचे स्पीकर समोरासमोर. शेडवाल्यांचा पुढारी माझा सख्खा भाऊ. त्याला विचारलं तर म्हणायचा, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्या तत्त्वाचं तोंड बरोबर हायवेकडं होतं.

मी आधी चर्चच्या पाळकांना फोन केला. आईनं तिथंच जन्म काढला होता.

"ताई, मी एका पायावर तयार आहे," ते म्हणाले. "पण तुमचे बंधू पडले समोरच्या पार्टीत. उद्या कमिटी मला फाडून खाईल. तुम्ही त्यांना केस मागं घ्यायला सांगा ना. मी लगेच निघतो."

"म्हणजे मरणाऱ्या बाईच्या घासावर तडजोड करताय का साहेब?" मी म्हणाले. पाळकसाहेबांना दुसरा फोन आला.

भावाला सांगितलं तर तो खूष. "आपला पाळक उद्याच आणतो. फक्त छोटासा व्हिडिओ काढू, ग्रुपवर टाकायला. मंडळीतली सगळ्यात जुनी बाई आपल्याकडून प्रभुभोजन घेते हे लोकांना दिसलं पाहिजे."

"तिला कूस बदलायला दोन माणसं लागतात, आणि तू तिचं शूटिंग करणार? लाज कशी वाटत नाही तुला?" मी म्हणाले. त्यानं फोन आपटला, आणि आईला भेटायला येणंही बंद केलं.

हे सगळं आई पडल्या पडल्या ऐकत होती. ती म्हणाली, "आगं, भांडू नको त्यांच्यासंगं. कुणीबी आन. पाळक म्हंजी पाळक. मला मानसाशी काय करायचंय?" मला ते इतकं आवडलं की मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं. म्हटलं, बघा, शिकलेसवरलेले भांडतायत, आणि माझी आई कुठं पोचली आहे.

आमच्या कॉलनीच्या मागं एका हॉलमध्ये एक लहानशी मंडळी जमते. तिथला पाळक तरुण आहे. मी रिक्षा करून त्याच्या घरी गेले आणि सगळी कहाणी सांगितली. कुठल्या पार्टीच्या, मेंबर कुठं, असलं काही त्यानं विचारलं नाही. "कधी येऊ?" एवढंच म्हणाला. मला तिथंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी घरात पुन्हा मनुका उकळल्या. आईनं पलंगावरूनच हुकूम सोडले. पाणी जास्त झालं, गॅस बारीक कर, आजून आटू दे. मी वाटी तिच्या नाकाशी धरली तेव्हा डोळे मिटून म्हणाली, "व्हय. आता झाला." मी तिचं अंग पुसलं, वेणी घातली, ठेवणीतली पांढरी साडी नेसवली. किती महिन्यांनी तिचा चेहरा असा निवळलेला दिसत होता. मलाही हलकं वाटत होतं.

पाळक स्कूटरवरून आला. आईजवळ स्टुलावर बसला, प्रार्थना केली, भाकर मोडून बशीत ठेवली, आमचा रस त्याच्याजवळच्या छोट्या प्याल्यात ओतला. आईचे हात जोडलेले. मग तिनं, आपल्याकडं कुणीही म्हातारी विचारते तसं, विचारलं, "गाव कुठलं रे बाबा तुझं?"

त्याचा चेहरा खुलला. "तुमचंच, आजी. ताईंनी गावाचं नाव सांगितलं तेव्हाच मला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. ओढ्यापलीकडं आमचं घर होतं. माझी आजी चर्च झाडायची. ती नेहमी सांगायची, मनुकांचा तसा वास पुन्हा कुठं आला नाही म्हणून."

 आई त्याच्या हातांकडं बघत होती. एका हातात बशी, एका हातात प्याला. जोडलेले हात तिनं सोडले आणि पांघरुणाखाली नेले.

"मळमळाया लागलंय मला," ती म्हणाली. "आज ऱ्हाऊ दे."

मी म्हणाले, "आई, अगं एक घोट फक्त." तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. पाळक तसाच बसून राहिला. माझ्या लक्षात यायच्या आधी त्याच्या लक्षात आलं होतं, आणि ते त्याला नवीन नव्हतं, हे मला दिसलं. "काही हरकत नाही, आजी. पुन्हा येईन," तो म्हणाला. त्यानं तिच्यासाठी आणखी एक प्रार्थना केली. मला त्याला चहासुद्धा विचारवला नाही.

तो गेल्यावर मी आईवर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, पण ओरडले. म्हटलं, कुणीबी आन म्हणाली होतीस ना? सगळा जन्म पहिल्या बाकावर बसलीस, ते कशासाठी?

 ती म्हणाली, "पोरगं गुनाचं हाय. त्याचं काय चुकलं न्हाई. पर आमी त्यांच्या हातचं कंदी घेतलं न्हाई, पोरी. हातच उचलंना." आणि थोड्या वेळानं, "दुसरं कुनी मिळतंय का बघ."

मी बघितलं नाही. खरं सांगायचं तर बघायची इच्छाच मेली. त्या दोन कमिट्यांवर मी इतके दिवस चडफडत होते, त्यांना ढोंगी म्हणत होते. ते तर निदान गाळ्यांसाठी भांडत होते. माझ्या आईला काहीच मिळवायचं नव्हतं. तिला मरताना प्रभू हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि तो त्या हातातून येत होता म्हणून तिनं तो परत पाठवला. आमच्यातली सगळ्यात भली बाई जर इथवरच पोचली, तर बाकीच्यांकडून कसली आशा करायची?

ती रोज विचारायची, रस ठेवलाय ना? मी हो म्हणायची. तो फ्रिजमध्ये आंबला, फेस आला, मी मोरीत ओतून दिला. तिला सांगितलं नाही. ती प्रभुभोजन न घेताच गेली.

माती गावाला झाली. दोन्ही पाळक आले, दोन्ही पार्ट्या आल्या, दोघांनी भाषणं केली. आईनं रस करून सगळ्या मंडळीला एकत्र बांधलं होतं, असं दोघांच्याही बोलण्यात आलं. कबरेवरची शेवटची प्रार्थना आपल्याच पाळकानं करावी म्हणून कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, ही प्रार्थना सावेडीचे पाळक करतील. तेही आले होते, स्कूटरवरून एवढ्या लांब, आणि ते ओढ्यापलीकडच्या कुणाच्या घरचे हे गावात पसरायला वेळ लागला नव्हता.

माझ्या भावानं समोरच्या पार्टीच्या पुढाऱ्याकडं बघितलं. कोर्टात तारखेला सुद्धा हे दोघं एकमेकांकडं बघत नाहीत.

"बाहेरच्या पाळकाची आपल्यात पद्धत नाही," भाऊ म्हणाला.

"बरोबर आहे," पुढारी म्हणाला. "दोघांनी मिळून करा हवं तर." आणि दोन्ही पाळकांनी मिळून प्रार्थना केली. बायका डोळे पुसत म्हणाल्या, बघा, म्हातारीनं जाता जाता मंडळी एक केली.

मग एकेकानं माती द्यायला सुरुवात केली. आधी घरचे, मग आमची आळी. सावेडीचा तो तरुण पाळक ओढ्यापलीकडच्या दोनचार म्हाताऱ्यांबरोबर कुंपणाशी उभा होता, मुठीत माती घेऊन. मी हातानं त्याला पुढं बोलावलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, नाही म्हणून हळूच मान हलवली, आणि आमची आळी संपेपर्यंत तिथंच थांबला.