दोन थापा

झेकाला जेवायला वाढताना माझी पंचाईत व्हायची. पोट भरलं की तो नको म्हणायचा नाही, ताटावर हात आडवा धरायचा नाही. टेबलावर तळव्यानं दोन थापा मारायचा. थप, थप. मी आपली आमच्या रीतीनं अजून अर्धी भाकरी टाकायचीच. पाहुण्याचं पहिलं 'नको' कोण खरं धरतं? तो निमूट खायचा. एकदा मात्र त्यानं माझं मनगट हळूच धरलं आणि माझ्या नातीला, सईला, काहीतरी सांगितलं. सईचं मराठी मोडकं. हसत म्हणाली, "आजी, तो बोलते, थाप मारली की सोडायचं. लगेच. नो आर्ग्युमेंट."

झेका ब्राझीलचा. इथं आयर्लंडात, गॉलवेत, आमच्या भिंतीला लागून त्याची भिंत. बायको-लेकरं तिकडं मुलखात, हा एकटा. दिवसभर मटणाच्या कारखान्यात हाडं तोडायचा आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलात गाद्या टाकून कुस्ती शिकवायचा. जिउ-जित्सू म्हणतात तिला. त्याचे कान चुरगळून भज्यासारखे झालेले. असले कान मी आमच्या घरात पाहिले होते. आमचे मालक पैलवान होते.

म्हणून सईनं तिथं जायचं काढलं तेव्हा मी मुलाला साफ सांगितलं, पोरगी जाणार नाही. मालकांची मान एका जत्रेच्या फडात गेली. समोरच्यानं मान दाबली होती, ह्यांना कळत होतं, पण पैलवान 'सोड' म्हणत नसतो. पुढं ते उठलेच नाहीत. दिवसा मी लोकांच्या रानात भांगलायला जायची, घरी आले की त्यांची कूस बदलायची. असं करत त्यांचं संपलं. रडायला सवड नव्हती.

सून म्हणाली, "आई, एकदा बघा तरी येऊन." गेले. बघते तर झेका गादीवर उताणा, आणि छातीवर म्हशीएवढा आयरिश पोरगा. मी ओरडले, "अगं बाई, पाठ लागली! वस्तादच हरला की!"

सईनं ते सगळ्यांना सांगितलं. हॉल हसला. झेका खालनंच बोलला, ते सईनं मला सांगितलं, "तो बोलते, आजी, तुमचं पाठ लागली की संपतं. आमचं तिथून सुरू होतं."

आणि खरंच, त्यानं दोन्ही पाय वर घेऊन पोराच्या मानेला अशी मिठी घातली की पोरगा लालबुंद. पोरानं झेकाच्या मांडीवर थाप मारली. थप, थप. झेकानं त्याच क्षणाला सोडला, वर त्याची पाठही चोळली. मी बघतच राहिले. मान सुटली होती आणि कुणाची इज्जत गेली नव्हती.

घरी चहा पिताना त्यानं सईच्या तोंडून सांगितलं की एक जपानी वस्ताद बोटीनं त्याच्या मुलखात आला आणि तिथल्या पोरांना डाव देऊन गेला. त्यातला एक पोरगा अंगानं काडी, जोर पुरेना. मग त्यानं खाली पडून जिंकायची युक्ती काढली. "ही विद्या दांडग्यांची नाही, आजी. खाली सापडलेल्यांची आहे."

तेव्हा मी मालकांचं सांगितलं. झेका ऐकत राहिला. मग विचारलं, "त्यांचा हात चालत होता का?"

"उजवा. थोडका."

त्यानं कप खाली ठेवला. सईला एवढंच म्हणाला, "डाव मागनं. आधी थाप शिकवतो. लाज वाटायच्या आत मारायची, म्हणजे उद्या परत येता येतं." मी पोरीला पाठवलं.

पण त्याचा तो प्रश्न माझ्या मागं लागला. शेवटी शेवटी मालकांचा हात घोंगडीवर पडायचा. मला वाटायचं, तहान लागली. मी चमच्यानं पाणी घालायची. आता भांडी घासताना घोंगडीवर हात पडल्याचा तो आवाज यायचा, बस स्टॉपवर यायचा. मागं वळावं तर कुणी नाही.

साऱ्यांना वेळेवर थाप मारायला शिकवणारा झेका स्वतःच्या पोटदुखीला मात्र मारीना. कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "ग्रँड, आजी, ग्रँड." कारखान्यात जाऊन कोसळला तेव्हा पोटातली गाठ फार वाढली होती. सून त्याच दवाखान्यात नर्स, म्हणून मला आत जाऊ दिलं. त्याच्या बायकोला इथं यायचं जमत नव्हतं. मी तांदळाची पेज न्यायची. एका हातानं त्याचा हात धरायची आणि दुसऱ्या हातानं भरवायची.

एक दिवस त्यानं दोन घोट घेतले आणि तोंड मिटलं. माझा चमचा परत गेलाच. "एवढा एक घे, बाबा. माझ्यासाठी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पलंगाच्या दांडीवर तळवा पडला. थप, थप.

चमचा तिथंच थांबला. मी तो वाटीत ठेवला. दुसऱ्या हातात त्याचा हात गच्च धरला होता, तोही सोडला. त्यानं मान हलवली, शिष्याला डाव बरोबर जमल्यावर हलवायचा तशी, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी गेला.

भिंतीपलीकडं आता दुसरी माणसं राहतात. सई अजून हॉलात जाते. मी कुणाला आग्रह करत नाही, लोक म्हणतात म्हातारीचा हात आखडला. पण आवाज अजून येतो, घोंगडीवरचा, दोनदा. मालकांना पाणी नको होतं.